ओढ की सोड? कातळावरची गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी

बेळगावात खडेबाजाराजवळच्या एका बोळात आमचं दोरांचं दुकान आहे. आजोबांच्या काळात काथ्या, अंबाडी, घायपात असा माल असायचा. मोटेसाठी नाडा आणि सोंदूर, बैलांसाठी कासरे, गोठ्यासाठी दावी. आता सगळं नायलॉन, आणि गिऱ्हाईक म्हणजे मंडपवाले, ट्रकवाले, गवंडी. मी चाळिशीच्या तोंडावर कातळ चढायला लागलो आणि त्याच्या पाठोपाठ गोष्टीही लिहायला लागलो. सात-आठ दिवाळी अंकांत आल्या, त्याच्या तिप्पट साभार परत आल्या. तरी गावात एवढं पुरतं. 'दोरवाले मामा गोष्टी बघून देतात' असं कॉलेजच्या पोरांत पसरलंय.

परवा खानापूरकडचा एक पोरगा आला. फायलीत चौदा पानं.

"बघा की मामा, चांगली झालीय न्हवं?"

गोष्टीतला नायक गोकाकच्या धबधब्याशेजारचा कडा दोरावरून सरसर उतरतो, खाली पोचल्यावर दोर ओढून घेतो, खांद्यावर टाकतो आणि चोरांच्या मागं पळतो. मी विचारलं, दोर किती लांबीचा? "साठ मीटर. कडा ५२ मीटरचा आहे मामा, बघून लिवलोय. आठ मीटर शिल्लक राहतोय."

वजाबाकी बरोबर होती. पण खाली पोचून दोर ओढून घ्यायचा तर तो वर गाठ मारून बांधता येत नाही. कडीतून ओवून मधोमध आणायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची, दोन्ही पदर धरून उतरायचं. खाली आल्यावर एक टोक ओढलं की दुसरं वर जाऊन कडीतून निसटतं आणि दोर अंगावर येतो. म्हणजे साठचा दोर झाला तीस. नायक ३० मीटर उतरला, दोर संपला, आणि खाली अजून २२ मीटर. सात मजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहून खाली बघावं तसं. टोकाला गाठ मारली नसेल तर दोन्ही पदर हातातून निसटून जाणार आणि गोष्ट तिथंच संपणार.

पोराचं तोंड उतरलं. फाडायलाच निघाला होता. मी म्हटलं, फाडू नकोस. तेरा पानं काढ, हे एक ठेव.

कड्यावरच्या गोष्टीत मी सगळ्यात आधी दोर मोजतो. किती मीटर, एकेरी की दुहेरी, कुणाच्या हातात. ही तीन उत्तरं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रसंग सुचत नसेल तर त्या कोपऱ्याकडे बघा, बऱ्याचदा तिथंच असतो.

दगड कुठला?

नुसतं 'कातळ' लिहून भागत नाही. आमच्या बेळगावचं भाग्य असं, की सकाळच्या गाडीनं निघालात तर कुठल्या बाजूला निघालात त्यावर दगड बदलतो. पश्चिमेला चंदगड, तिलारीकडं गेलात की सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर. कडा सरळ दिसतो, पण दोन थरांच्या मधे गवत, माती, मुरूम. हात टाकला तर अर्धी पकड हातातच येते. तिथली भीती दगडाच्या उंचीची नसते, तो सुटेल याची असते. माथ्यावर कुठं कुठं जांभा, ज्याच्या भिंती आपल्या घरांना असतात तोच, भोकाभोकांचा. पूर्वेला गोकाकला गेलात की वाळूचा घट्ट दगड. आणखी पुढं बदामी. तांबडा दगड, आडव्या भेगा, बोटांची दोन पेरं बसतील अशा खाचा, आणि बऱ्याच वाटांवर आधीच ठोकलेले बोल्ट. देशपरदेशातून लोक तिथं चढायला येतात ते यासाठीच. हंपीचा ग्रॅनाइट आणखी निराळा. त्याला खाचा कमी, पण अंग किसणीसारखं. दुपारपर्यंत बोटांची सालं निघतात आणि रात्री भाकरी मोडताना चटणी कुठं कुठं झोंबते ते कळतं.

गोष्टीत याचा उपयोग? सह्याद्रीत नायक हळू चढतो, प्रत्येक दगड ठोकून बघतो, कान लावतो. पोकळ आवाज आला तर हात काढतो. तिथं वाक्यं तुटक, शंकेची येतात. बदामीला तोच माणूस नाचल्यासारखा चढेल. हंपीत हातापेक्षा पायावर भरवसा. पोरांच्या गोष्टी वाचताना कळतं की ज्यानं कातळ फक्त मोबाईलवर बघितलाय त्याचा नायक सगळीकडे एकसारखाच चढतो.

महिनाही ठरवून टाका. श्रावणात बदामीला चढणारा नायक दाखवलात तर जाणता वाचक पान उलटेल. वाळूचा दगड पाणी प्यायला की कच्चा होतो, पाऊस उघडल्यावरही तो पुरता वाळेपर्यंत शहाणी माणसं त्याला हात लावत नाहीत. मात्र एखादा अडाणी, घाईतला नायक पावसाच्या दुसऱ्या दिवशी चढला आणि दगड वरून कोरडाठक्क दिसतोय, तर तिथं गोष्ट आहे.

पडणं

पडण्याचा हिशेब चुकलेल्या गोष्टी मी सगळ्यात जास्त वाचल्यात, त्यामुळे इथं जरा वेळ घेतो.

पहिला चढणारा दोर घेऊन वर जातो, वाटेत बोल्टला कडी लावून त्यात दोर अडकवत. शेवटच्या कडीच्या तीन मीटर वर असताना हात सुटला तर तो किती पडेल? तीन म्हणाल तर चुकलात. कडीपर्यंत तीन, कडीच्या खाली आणखी तीन, म्हणजे सहा. वर दोराचा ताण आणि खालच्या माणसानं सोडलेला सैलपणा. सात-आठ धरा.

आता गंमत. लांब पडणं नेहमीच जास्त वाईट नसतं. किती पडला याला, दोघांच्या मधे किती दोर बाहेर आहे यानं भागायचं. दोन गडी भिंतीच्या मधल्या एका पट्टीवर उभे आहेत. एकजण तिथून तीन मीटर वर गेला, अजून एकही कडी लावलेली नाही, आणि निसटला. सहा मीटर पडला, दोर बाहेर तीन. भागाकार दोन. याच्यावर हा आकडा जात नाही. हा सगळ्यात वाईट झटका. तोच माणूस तीस मीटर दोर बाहेर असताना तेवढाच सहा मीटर पडला तर भागाकार शून्य पूर्णांक दोन. दोर लांब असला की लवायला जागा असते. म्हणून उंचावरच्या पडण्यापेक्षा पट्टी सोडल्यानंतरची पहिली चार पावलं जास्त भीतीची असतात. ही भीती मी कुठल्या गोष्टीत फारशी वाचलेली नाही. लिहा कुणीतरी.

आणि दोर कुठला तेही. चढायच्या दोराला आत गाभा असतो, वर विणलेली खोळ, आणि झटका बसला की तो ताणतो. आमच्या दुकानातला नायलॉन ट्रकवरची ताडपत्री आवळायला झकास, माणूस झेलायला बेकार. तो तेवढा लवत नाही, बराचसा झटका कंबरेत. माझ्या पहिल्या गोष्टीत नायक विहिरीवरचा नाडा घेऊन कडा चढला होता. संपादकांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं होतं: 'आपला नायक पडल्यास त्याच्या मणक्याचे काय?' दोरवाल्याच्या नातवाला हे कळू नये! महिनाभर लाज वाटत होती.

खालचा माणूस

आता मुद्द्याचं. सगळेजण चढणाऱ्याची गोष्ट लिहितात. मी सांगतो, दोर धरणाऱ्याची लिहा.

त्याला बिलेअर म्हणतात. तो खाली उभा असतो. मान वर करून करून आखडलेली, पायावर मुंग्या चढतायत, एक हात दोराच्या खालच्या पदरावरून क्षणभरही काढायचा नाही. नाक खाजलं तर खांद्याला घासायचं. वरचा माणूस बहुतेक वेळ दिसतच नाही. फुगवट्यामागं गेलेला असतो. जे कळतं ते दोरातून. असं काहीतरी:

'वरून चुरा आला. मग काहीच नाही. कल्लाप्पानं मान वर केली तर ऊन डोळ्यांत गेलं. दोर हातातून वीतभर वर सरकला, थांबला. मग अर्धी वीत. मग बराच वेळ नाही. "बिगी," वरून आलं. तो मागं रेलला. दोर ताठ झाला, आणि त्या ताठ दोरातून वरच्या पायाची थरथर त्याच्या कंबरेला येऊन लागली, वडगावच्या गल्लीत माग सुरू असला की कट्ट्याला लागते तशी.'

वरचा काय करतोय हे यात कुठं सांगितलेलं नाही. तरी त्याची तंतरली आहे, हे कळतं.

'बिगी' का, ते सांगतो. माझा जोडीदार गोकाककडचा. घरी कन्नड, बाजारात मराठी. सुरुवातीला आम्ही मराठीतूनच ओरडायचो. दोर घट्ट कर म्हणायला 'ओढ', सैल कर म्हणायला 'सोड'. एकदा बदामीला भरदुपारी वारा सुटला होता. तो वरून ओरडला, मला ऐकू आलं 'सोड'. मी दीड हात दोर मोकळा केला. तो म्हणाला होता 'ओढ'. पाय आधीच सुटत होता. जेवढं पडायचा त्यापेक्षा दीड हात जास्त पडला आणि खालच्या पट्टीवर टाच आपटली. गाडीत आम्ही दोघंही बोललो नाही. सौंदत्ती गेल्यावर तो म्हणाला, "मी ओढ म्हटलो होतो." मी म्हटलं, "माहीत आहे." टाच सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती, आणि त्याच्या आईनं मला जेवायला वाढलं ते माझ्याकडे न बघता.

नंतर आम्ही रात्री बसून भाषा तपासल्या. 'ओढ' आणि 'सोड', वाऱ्यात दोन्हींचं 'ओड' होतं. मग कन्नड घेऊ म्हटलं. धर म्हणजे 'हिडी', सोडा म्हणजे 'बिडी'. वारा पहिलं अक्षर खातो, उरतं 'इडी'. इंग्रजीत 'टेक' आणि 'स्लॅक', शेवटी दोन्हीकडे 'क', मधला स्वर गेला की खेळ खलास. तिन्ही भाषांनी नेमके उलट अर्थाचे दोन शब्द जुळ्यासारखे करून ठेवलेत! शेवटी घट्टसाठी कन्नडातला 'बिगी' घेतला आणि सैलसाठी मराठीतला 'सोड'. यात घोटाळा होत नाही. झाला तो एकदाच, कोल्हापूरचा एक पाहुणा चढत होता तेव्हा. त्याला वाटलं आम्ही 'बिगीबिगी' म्हणतोय. बिचारा पळत सुटल्यासारखा चढला.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण आपल्या भागातल्या गोष्टीत संवाद असेच येतात, दोन भाषांत. कन्नड वाक्य आलं की पुढं त्याचा मराठी अर्थ चिकटवू नका. पुढच्या माणसाला काहीतरी करू दे, वाचकाला अर्थ कळतो. वरून दगड सुटला की माझा जोडीदार 'हुशार!' ओरडतो. कन्नडात त्याचा अर्थ जपून. पुण्याच्या पाहुणीला वाटलं आपली स्तुती चाललीय, आणि ती हसून वर बघायला लागली. वर बघायचं नसतं, हेच तर शिकवायला जीव जातो. 'दगड!' अशी हाक आली की माणूस आपोआप मान वर करतो. जाणता असेल तो भिंतीला चिकटतो, डोकं आत घेतो. नवखा कोण आणि मुरलेला कोण हे दाखवायला या एका हालचालीपेक्षा चांगलं काही नाही. वर्णनाचा अख्खा परिच्छेद वाचतो.

कड्यावर लांब संवाद नकोत. दम नसतो. माणसं एक शब्द बोलतात, आणि शेजारी दुसरी जोडी चढत असली तर आधी नाव घेतात. प्रेम, भांडण, बापाचं कर्ज हे सगळं चढायच्या आधी किंवा चहाच्या टपरीवर.

दोर कापण्याबद्दल

दहा गोष्टींतल्या सहांत खलनायक दोर कापतो. पोरांनो, बस करा. खरी घटना बघा. १९८५ मध्ये पेरूतल्या सियुला ग्रांदे शिखरावरून उतरताना जो सिम्पसनचा पाय मोडला. सायमन येट्स त्याला दोन दोर एकमेकांना बांधून टप्प्याटप्प्यानं खाली सोडत होता. वादळात, अंधारात सिम्पसन एका कड्यावरून अधांतरी लोंबकळला. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. येट्स बर्फात खणलेल्या खड्ड्यात बसून ते वजन धरून होता आणि खड्डा त्याच्या खालून ढासळत होता. शेवटी त्यानं दोर कापला. दोघंही जगले, हे आणखी नवल. कापणं एका क्षणाचं. मला विचाराल तर गोष्ट त्याच्या आधीच्या वेळात आहे, खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या कंबरेत. परत तोच, दोर धरणारा.

आणि बिनदोराचे? अ‍ॅलेक्स हॉनोल्ड २०१७ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीचा एल कॅपिटन, जवळजवळ ९०० मीटरची भिंत, दोराशिवाय चार तासांच्या आत चढला. आपल्याकडे चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या भिंती तसाच चढणारा ज्योतीराज आहे, लोक त्याला कोती राज म्हणतात, कोती म्हणजे माकड. बघताना पोटात गोळा येतो. पण लिहायला हे अवघड, कारण पलीकडच्या टोकाला माणूसच नाही. लिहायचंच असेल तर खाली उभ्या असलेल्या कुणाची तरी लिहा, शेंगा विकणाऱ्याची, आईची.

चित्रदुर्ग निघालाच तर ओबव्वाची आठवण होते. हैदरअलीचे सैनिक कातळातल्या एका भेगेतून एकेक करून आत शिरत होते आणि पहारेकऱ्याची बायको हातात मुसळ घेऊन भेगेच्या तोंडाशी उभी होती. कड्यावर चढलेलं कुणी नाही, दोर नाही, काही नाही. एक माणूस मावेल एवढी भेग आणि एक बाई. एवढ्यात गोष्ट झाली. आपल्याकडे मात्र कडा आला की लगेच घोरपड येते. सिंहगडच्या दंतकथेत ती शोभते, १६७० सालची आहे, राहू दे तिथंच. तुमच्या गोष्टीत नको.

माकडं, माश्या, आणि घर

खलनायक नसला तर संकट कुठून आणू, असं विचारतात. आग्या मोहोळ आहे की! सह्याद्रीच्या कड्यांवर ओव्हरहँगखाली, म्हणजे पुढं आलेल्या कातळाखाली, परातीएवढी पोळी लोंबत असतात. जमिनीवरचा माणूस पळेल, पाण्यात उडी मारेल. दोराला बांधलेला कुठं पळणार? आणि खालचा? त्यानं हात सोडला तर वरचा गेला. दोनशे माश्या अंगावर आणि एक हात दोरावर. यापुढं बंदुकीचं काय कौतुक? बदामीला माकडं आहेत, ती जिवावर उठत नाहीत पण डबा, केळी, एकदा तर माझा एक चढायचा बूट घेऊन गेली. दुसऱ्याचा काय उपयोग म्हणून मी तो खाली ठेवून दिला, तर तोही नेला.

आणि गोष्टीत घर येऊ द्या. चढणारा माणूस आठवड्यातले सहा दिवस काहीतरी दुसरं असतो. दुकानदार, बँकेतला कारकून, फाउंड्रीतला कामगार. रविवारी पहाटेची लाल बस, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी, सोमवारी गल्ल्यावर बसल्यावर नोटा मोजताना झोंबणारी बोटं. बायको विचारते, "पडलासा का?" आणि आपण 'नाही' म्हणतो. ते 'नाही' कसं म्हटलं, हे लिहिता आलं तर माथ्यावरचा सूर्योदय काढून टाकला तरी चालेल. माथ्याची मला तशीही ॲलर्जी आहे. तिथं वारा असतो आणि खाली उतरायची काळजी.

खानापूरचा पोरगा चार दिवसांनी परत आला. तेरा पानं काढली होती, एक ठेवलं होतं, पुढं सुचत नव्हतं. मी साठ मीटर नायलॉन मोजून काढला आणि त्याला म्हटलं, दोन्ही टोकं धर आणि चाल. बोळात आम्ही तो दुहेरी पसरला. मी दुकानाच्या पायरीवर मधली दुमड धरून, तो दोन्ही टोकं घेऊन चालत. एक स्कूटरवाला शिव्या घालून गेला. दोर सोनाराच्या दुकानापाशी संपला. पोरगा टोकं हातात घेऊन उभा राहिला आणि पुढं बघायला लागला. आणखी २२ मीटर म्हणजे कोपऱ्यावरचं सोड्याचं दुकान. मधे एक गटार, एक बंद शटर आणि झोपलेलं कुत्रं.

बराच वेळ तो तिथंच होता. मग ओरडून काहीतरी म्हणाला. गर्दीत मला नीट ऐकू आलं नाही, ओढ म्हणाला की सोड. मी दोर घट्ट धरून ठेवला.